जुन्या सागाचं मोल कशात?

मुंबई बंदरालगतची जुनी गोदामं पाडली की राडारोडा डंपरमधून जातो. सागाच्या तुळया मात्र जपून उतरवतात आणि विकतात. ‘जुना बर्मा’, म्हणजे ब्रह्मदेशातला जुना साग, म्हटलं की गिऱ्हाईक घासाघीसही बेतानेच करतं. समज असा, की लाकूड जितकं जुनं तितकं पक्कं. हे अर्धसत्य आहे. छताखाली शंभर वर्षं काढल्याने सागात टिकाऊपणा येत नाही. तो झाड उभं असतानाच येतो. गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी रसायनं आणि तेलकट द्रव्यं साठतात, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. बाहेरच्या फिकट लाकडाला हे कवच नसतं. जंगलातल्या जाडजूड झाडाची तुळई बहुतांश गाभ्याचीच निघे. लागवडीतला साग कोवळा तोडला की फिकट भाग जास्त येतो. सागाच्या टिकाऊपणाचा दाखला बघा: मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे (डागडुजी झाली, हे खरंच).

मग वयाला काहीच अर्थ नाही? आहे. जुनं लाकूड पुरतं वाळलेलं असतं, त्यामुळे त्याचं दार कमी पिळवटतं. पण भिंतीत गाडलेलं तुळईचं टोक आधी टोचून बघावं. ओल तिथेच मुरते. आत राहिलेला खिळा करवतीचे दात मोडतो, जुन्या रंगात शिसं असू शकतं. जुन्या लाकडाला भाव आला तर इमारती पाडण्याचा मोह वाढेल, हा आक्षेप मात्र मुंबईत लंगडा आहे. इथे मोह जमिनीचा असतो. तरी दुरुस्त होण्याजोग्या इमारतीतली तुळई काढूच नये. कुजलेलं टोक कापून तिथे नवा तुकडा सांधता येतो.