माणसाची शुगर आणि मांजराची शुगर

मांजराला मधुमेह झालाय असं डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांना आधी ते खरंच वाटत नाही. मग ज्या घरात आजी-आजोबांची शुगर वर्षानुवर्षं सांभाळलेली असते, तिथे हळूहळू एक भरवसा येतो: ग्लुकोमीटर घरात आहे, इन्सुलिन फ्रीजमध्ये आहे, टोचायचा हात बसलेला आहे, आपल्याला यातलं सगळं ठाऊक आहे. मला या भरवशाची जास्त काळजी वाटते. मांजराचा मधुमेह बराचसा माणसाच्या टाइप-२ मधुमेहासारखा असतो हे खरं. पण रोजच्या सांभाळात दोघांचे नियम वेगळे आहेत, आणि नेमक्या त्या फरकांतच मांजरं दगावतात.

सर्वांत पक्का गैरसमज म्हणजे आकडा मोठा दिसला की डोस वाढवायचा. सकाळी टोचण्याआधी ३८० मिलिग्रॅम दिसतात, संध्याकाळी ३५०. घरचे म्हणतात, इन्सुलिन कमी पडतंय, एक युनिट वाढवू या. पण मधल्या वेळी काय झालं हे कुणी पाहिलेलंच नसतं. मांजराला इन्सुलिन सहसा दर १२ तासांनी देतात, आणि टोचल्यानंतर साधारण ४ ते ८ तासांनी साखर सर्वांत खाली जाते. दुपारी ती ९० वर आलेली असेल तर तो डोस पुरेसा आहे. वाढवला तर उद्या दुपारी मांजर बेशुद्ध सापडू शकतं. म्हणून डॉक्टर डोस ठरवताना सगळ्यांत वरचा आकडा नाही, सगळ्यांत खालचा आकडा बघतात. त्यासाठी एक दिवस दर दोन तासांनी साखर मोजून आलेख काढावा लागतो. सुट्टीच्या दिवशी घरी हे सहज जमतं.

साखर फार खाली किंवा फार वेगाने घसरली की शरीर स्वतःच यकृतातला साठा बाहेर काढतं, आणि पुढचे काही तास आकडे चढेच राहतात. याला सोमोजी परिणाम म्हणतात. मांजरांत तो पूर्वी समजत होते तितका सर्रास आढळत नाही. तरीही कारण कळल्याशिवाय डोस वाढवू नये, हा नियम त्यामुळे सैल होत नाही. शिवाय मांजराचा डोसच मुळात एक-दोन युनिटचा असतो. वीस युनिट घेणाऱ्या माणसाला अर्ध्या युनिटचा फरक जाणवणार नाही. एक युनिट घेणाऱ्या बोक्यासाठी तीच पन्नास टक्के वाढ असते. बदल पाव-अर्ध्या युनिटचाच करायचा, तोही डॉक्टरांना विचारून, आणि नव्या डोसला बहुधा आठवडाभर स्थिरावू द्यायचं.

सिरिंजबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्याकडे ही चूक फार सोपी आहे. भारतात बाटलीतलं इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींचं मिळतं, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. यू-४० च्या सिरिंजचं टोपण सहसा लाल, यू-१०० चं नारिंगी. घाईत केमिस्टने दिलेली सिरिंज न बघता वापरली आणि १०० ताकदीचं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने भरलं, तर एका रेघेला अडीच युनिट जातात. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून पाहणं हे दर खरेदीच्या वेळचं काम आहे.

‘आईचा ग्लुकोमीटर आहेच की.’ वापरता येतो, पण त्याचा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. रक्तातली साखर द्रवात किती आणि तांबड्या पेशींत किती, हे प्रमाण माणसात आणि मांजरात वेगळं असतं, त्यामुळे माणसाचं यंत्र मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. प्राण्यांसाठीचं मीटर मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर एकच मीटर कायम ठेवावं आणि कोणतं वापरतोय ते डॉक्टरांना सांगावं. उद्दिष्टही माणसाचं लावू नये. मांजराच्या लघवीत साखर उतरते ती साधारण २५० ते २९० च्या पुढे. दिवसाचा बराच वेळ आकडा त्याखाली असेल, मांजर नीट खात असेल, वजन टिकून असेल आणि पाणी पिणं आवरलं असेल, तर एखाददुसऱ्या चढ्या आकड्याने झोप उडवून घेऊ नये.

दवाखान्यातला आकडा घरच्यापेक्षा खरा, हाही एक समज. पिंजरा, रिक्षा, शेजारी भुंकणारा कुत्रा, एवढ्याने निरोगी मांजराची साखरसुद्धा ३०० च्या वर जाऊ शकते. आपल्या नेहमीच्या गादीवर, कान कोमट कापडाने शेकून, कडेच्या शिरेजवळून घेतलेला थेंब जास्त विश्वासाचा. बहुतेक मांजरं हे थोड्याच दिवसांत सहन करतात, विशेषतः लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा मिळणार असेल तर.

खाण्याबाबत आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एकीकडे ‘साखर कुठे देतो, नुसता दूधभात तर देतो.’ मांजर मांसाहारी प्राणी आहे. भात, पोळी आणि बरंचसं कोरडं दाणेदार खाणं म्हणजे पिष्टच. जास्त प्रथिनांचं, कमी पिष्टाचं ओलं खाणं साखर आवरायला खरोखर मदत करतं. पण इन्सुलिन चालू असताना एका रात्रीत आहार बदलला तर तोच जुना डोस अचानक जास्त ठरतो, म्हणून बदल डॉक्टरांना सांगून करावा. दुसरीकडे, साखर वाढली म्हणून उपाशी ठेवणं. हे कधीही करू नये. लठ्ठ मांजर काही दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साचून जिवावर बेततं. कारल्याचा रस, मेथी, जांभळाच्या बियांची पूड यांनी मांजराचा मधुमेह आटोक्यात येतो असा पुरावा नाही, आणि घरातल्या माणसाची गोळी तर अजिबात देऊ नये.

आता ज्या गोष्टीला उशीर चालत नाही ती. साखर ६० च्या आसपास किंवा खाली गेली, मांजर झोकांड्या खायला लागलं, थरथरलं, एकाएकी अधाशासारखं खाऊ लागलं किंवा नुसतं सुन्न बसलं, तर आधी खायला द्या. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी हिरड्यांना चोळा. झटके येत असतील तर तोंडात काही ओतू नका, ते फुप्फुसात जाईल. सावरल्यासारखं वाटलं तरी दवाखाना गाठा, कारण इन्सुलिन पुढचे काही तास काम करतच राहतं. इंजेक्शन नीट गेलं की नाही अशी शंका आली तर पुन्हा टोचू नका. एक डोस हुकल्याने सहसा काही बिघडत नाही, दुप्पट डोसने जीव जाऊ शकतो. मांजर जेवलं नसेल किंवा ओकलं असेल तर टोचण्याआधी डॉक्टरांना फोन करा. ओकाऱ्या, सुस्ती आणि खाणं बंद हे तिन्ही एकत्र दिसलं तर ते कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल वाढण्याची जीवघेणी अवस्था, असू शकतं, आणि त्याला घरगुती उपाय नाही.

मात्र ‘एकदा इन्सुलिन लागलं की जन्मभर’ हे मांजराच्या बाबतीत अनेकदा खोटं ठरतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५५ मधुमेही मांजरांना ग्लार्जिन इन्सुलिन, कमी पिष्टाचा आहार आणि घरीच काटेकोर मोजणी असे उपचार दिले गेले. त्यांतल्या सुमारे ६४ टक्के मांजरांचं इन्सुलिन सुटलं. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत हे सुरू झालेल्यांत तर ८४ टक्क्यांचं. म्हणून सुरुवातीचे महिने मोलाचे आहेत. आकडे कशानेच उतरत नसतील तर दात, लघवीचा संसर्ग, स्वादुपिंडाची सूज आणि पियूषिका ग्रंथीचा विकार तपासून घ्यावा. इन्सुलिन सुटल्यावरही मोजणी अधूनमधून चालू ठेवावी, आणि खाजेसाठी किंवा हिरड्यांसाठी कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायला निघालं तर आधी सांगावं की या मांजराला मधुमेह होऊन गेलाय. त्या एका इंजेक्शनने तो परत येऊ शकतो.