अग्निशामकांची पाळी : तिनाचे गणित

आग वेळकाळ पाहून लागत नाही. म्हणून अग्निशामक केंद्र अहोरात्र सज्ज ठेवावे लागते. अमेरिकेतील अनेक शहरांत यासाठी जवानांच्या तीन तुकड्या असतात. प्रत्येक तुकडी सलग २४ तास कामावर राहते व पुढील ४८ तास तिला सुटी मिळते. आठवड्याची सरासरी ५६ तास भरते.

या चक्रामुळे कामाचा वार सतत बदलतो. तोच वार २१ दिवसांनी पुन्हा येतो. हिशेब मात्र सोपा आहे. पाळीच्या एखाद्या दिवसानंतर इष्ट तारखेपर्यंतचे दिवस मोजून तिनाने भागावेत; बाकी शून्य उरल्यास त्या दिवशी पाळी समजावी. अशा रीतीने घरच्या कार्याची तारीख महिनोन्‌महिने आधी ठरविता येते. पाळी संपल्यानंतरची सकाळ मात्र झोपेसाठी राखून ठेवावी. रात्रभर आगीशी झुंजलेल्या जवानाची विश्रांती हा पुढील पाळीच्या सज्जतेचाच भाग होय.