एक्स्प्लेनर : वर्कहाऊसमध्ये मरण पावलेल्या पूर्वजाची कबर कशी शोधतात?

चार्ली चॅप्लिन १८९६ मध्ये, सात वर्षांचा असताना, आई आणि भावासोबत लंडनच्या लॅम्बेथ वर्कहाऊसमध्ये दाखल झाला होता. तो बाहेर पडला. अनेक गरिबांचा शेवट मात्र अशाच ठिकाणी झाला. त्यांचे वंशज आज त्यांच्या कबरी शोधतात.

वर्कहाऊस म्हणजे काय?
इंग्लंड-वेल्समधील गरिबांसाठीची सरकारी व्यवस्था. १८३४ च्या कायद्याने ती देशभर पसरली. निवारा आणि जेवण मिळे, पण बदल्यात कष्ट करावे लागत आणि नवरा, बायको, मुलांना वेगळे ठेवले जाई.

सुरुवात कुठून?
मृत्यूच्या दाखल्यापासून. तिथे जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी जुलै १८३७ पासून आहे. मात्र कलंक नको म्हणून १९०४ पासून जन्मदाखल्यांवर आणि पुढे मृत्यूदाखल्यांवरही 'वर्कहाऊस'ऐवजी साधा रस्त्याचा पत्ता लिहू लागले. म्हणून पत्ता तपासा. त्यानंतर काउंटीच्या अभिलेखागारात दाखल-खारीज आणि मृत्यूची रजिस्टर पाहा.

कबर कुठे असते?
नातेवाइकांनी मृतदेह नेला नाही, तर दफन सरकारी खर्चाने होई. एका खड्ड्यात अनेक शवपेट्या, वर दगड नाही. पण दफनभूमीच्या रजिस्टरमध्ये बहुतेकदा कबरीचा क्रमांक असतो. त्यावरून नकाशात जागा सापडू शकते.

नोंद मिळत नसेल तर?
१८३२ च्या अॅनाटॉमी कायद्याने बेवारस मृतदेह वैद्यकीय शिक्षणासाठी देता येत. अशांचे दफन काही आठवड्यांनी, दुसऱ्याच दफनभूमीत झालेले असू शकते. पुढच्या तारखाही चाळा.