आधीचं वजन

केळापूर तालुक्यातलं एक गाव. कचेरी, बाजार, मोठा दवाखाना सगळं पांढरकवड्याला. आज मात्र सिस्टरच अंगणवाडीत आली आहे. कापसाचा हंगाम आहे. तपासणी आटोपून बायांना वावर गाठायचंय.

काट्यावर सातव्या महिन्यातली एक पोरगेलीशी बाई उभी आहे. बोटांची टोकं बोंडांनी ओरखडलेली.

"चव्वेचाळीस," सिस्टर कार्डावर लिहिते. "दिवस राह्यच्या आधी किती होतं?"

ती सासूकडे बघते. काल किती कापूस वेचला, ते तिला पाठ आहे: पंचवीस किलो. स्वतःचं वजन तेव्हा कुणी केलंच नव्हतं.

"मीच सांगतलं तिले, कमी खाय," सासू म्हणते. "लेकरू मोठं झालं त सिझर करा लागते."

त्या बोलण्यात दुष्टपणा नाही, सुनेची काळजीच आहे. म्हणूनच ते खोडणं अवघड. सिस्टर समजावते, "मावशी, उपाशी मायचं लेकरू लहान होते, पण पुढं ते लठ्ठ होणार नाही असं नाही."

सासूचा विश्वास बसत नाही. पण हे महाराष्ट्रातच मोजलं गेलंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायांची वजनं घेतली, तीही दिवस राहण्याआधीपासून. सरासरी भरली जेमतेम बेचाळीस किलो. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. चरबी मात्र त्या मानाने टिकून. पाठीवर खांद्याच्या हाडाखाली त्वचा चिमटीत धरली की ही चरबी सापडायची. दिसायला रोड आणि आतून चरबीदार असं हे बाळ. पुढे त्याला चालणं-खेळणं कमी आणि पाच रुपयांची पाकिटं जास्त मिळाली, की अंगावर चरबी चढायला आणि मधुमेहाला वाट मोकळी.

भिंतीशी बसलेली दुसरी बाई माहेरपणाला आली आहे. तिच्या कार्डावर अठ्ठ्याहत्तर. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पिऊन दोन तास थांबली आहे. साखर १४०च्या वर गेली तर तिला पांढरकवड्याला जावं लागेल. आईची जास्तीची साखर वारेतून बाळाकडे जाते, बाळाचं शरीर जास्त इन्सुलिन तयार करतं आणि चरबी साठवतं. जड आईचं मूल पुढे लठ्ठ होण्याची शक्यता जास्त असते, हे देशोदेशी दिसलंय. ती हळूच विचारते, "मग मी जेवण सोडू का?" सिस्टर जोरात मान हलवते. पोटुशीने उपास करायचा नसतो. साखर, तळण कमी. डाळ, भाजी, अंडी, रोजचं चालणं चालू.

एकाच सतरंजीवर या दोघी आहेत आणि दोघींच्या लेकरांपुढचा धोका बराचसा सारखा आहे. आपण कुपोषण आणि लठ्ठपणा वेगवेगळ्या खात्यांत टाकून मोकळे होतो. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत २०१५पासून अमृत आहार योजनेत गरोदर बाईला शेवटच्या तिमाहीत एक वेळचं गरम जेवण मिळतं. ते मोलाचं आहे, हवंच आहे. पण बाळाच्या अवयवांची घडण तोवर बरीच उरकलेली असते. पोरगी बोहल्यावर चढते तेव्हा तिचं वजन किती होतं, हे विचारणारं कार्ड मला हवंय.

सासूसोबत धाकटी सूनही आली आहे, उन्हाळ्यात लग्न झालेली. सिस्टर तिला काट्यावर बोलावते.

"हिले त आजून काही नाही," सासू म्हणते.

"म्हणूनच."

काटा अडतीस दाखवतो. रजिस्टरमध्ये या आकड्याला रकाना नाही, सिस्टर तो मागच्या पानावर तारखेसह लिहिते आणि विचारते, "सकाळी वावरात जाताना काय खाऊन जातेस?"

"चहा."

"अन् जेवण?"

"दुपारी. घरचे जेवले का मंग."

सिस्टर आता सासूकडे वळते. "मावशी, उद्यापासून हिची भाकर आधी."