कपाटाची किल्ली

शाळेच्या ग्रंथालयात पुस्तके किती आहेत, हे सांगणे सोपे असते. त्यांपैकी किती पुस्तके मुलांच्या हाती पडतात, हे सांगणे कठीण. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रास येथे गणिताचे अध्यापक होते. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ उपयोगासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे व प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये, आणि ग्रंथालय ही सतत वाढणारी संस्था आहे, असा त्या सूत्रांचा आशय आहे. ही सूत्रे वाचावयास सोपी वाटतात. परंतु ती पाळली गेली नाहीत म्हणजे काय होते, हे पाहण्यासारखे आहे.

एखाद्या लहान गावातील शाळा डोळ्यांपुढे आणा. तेथे ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतील दोन कपाटे. श्रावणातल्या एके दिवशी वर्गात बहिणाबाई चौधरी यांची सुगरणीच्या खोप्यावरील कविता शिकवून झाली. तेव्हा सातवीतील एक मुलगी उभी राहून म्हणाली, “गुरुजी, आमच्या विहिरीवरच्या बाभळीला खोपे लोंबतात. ते विणणाऱ्या पाखराचे डोके पिवळे आहे. आमचे आजोबा म्हणतात, तो नर. कवितेत तर घर आई बांधते. मग खरे कोणते?”

गुरुजींना उत्तर ठाऊक नव्हते. “पुस्तकात पाहून सांगतो,” असे ते म्हणाले. त्यांनी दाखल नोंदवही उघडली. परंतु त्या वहीत पुस्तके ज्या क्रमाने शाळेत आली, त्याच क्रमाने लिहिलेली होती. व्याकरणानंतर शेतीचे पुस्तक, त्यानंतर नाटक, त्यानंतर चरित्र! पक्ष्यांविषयीचे पुस्तक त्यांना सापडले नाही. पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत, वाळवी लागू नये म्हणून पुस्तके बाहेर काढली असता, तळाच्या फळीवर पक्षिजीवनावरचे एक सचित्र पुस्तक मिळाले. ते गेली कित्येक वर्षे तेथेच होते. तोवर ती मुलगी सातवी उत्तीर्ण होऊन तालुक्याच्या शाळेत गेली होती. पुस्तक होते, वाचकही होती. दोघांची गाठ मात्र पडली नाही. ही रुखरुख गुरुजींच्या मनाला लागून राहिली आणि तिच्यातूनच त्यांच्या शोधाला आरंभ झाला.

प्रथम त्यांनी पुस्तकांचे विषयवार वर्गीकरण केले. अमेरिकेतील मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ साली एक दशांश पद्धती प्रसिद्ध केली. तीत सर्व ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग पाडलेले असून प्रत्येक विषयाला एक अंक दिलेला असतो. पक्ष्यांचा अंक ५९८, तर मराठी साहित्याचा ८९१.४६. पुस्तकाच्या पाठीवर हा अंक लिहिला की एका विषयाची पुस्तके आपोआप शेजारी येऊन बसतात.

परंतु पुस्तक फळीवर एकाच जागी राहू शकते आणि त्याचा शोध मात्र अनेक वाटांनी घेतला जातो. कोणाला लेखकाचे नाव आठवते, कोणाला पुस्तकाचे, तर कोणाला नुसता विषय. येथे संगणक उपयोगी पडतो. प्रत्येक पुस्तकाची नोंद एकदाच करावी लागते. मग लेखक, नाव वा विषय यांपैकी काहीही टंकित केले तरी संगणक तीच नोंद पुढे ठेवतो व पुस्तक सध्या कोणाकडे गेले आहे, हेही सांगतो. अशा कामासाठी ‘कोहा’ नावाची प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. ती न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी प्रथम तयार झाली व २००० सालच्या आरंभी वापरात आली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट; आणि खरोखरच ती जगातील ग्रंथालयांना मिळालेली भेट ठरली आहे. शाळेतील एका संगणकावर ती बसविली तर आंतरजाल बंद असतानाही तिचे काम चालू शकते.

दोन कपाटांपलीकडचे ग्रंथालय आंतरजालाने शाळेत आणले. वाई येथून सिद्ध होणाऱ्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. आज त्याच्या नोंदी ऑनलाइन विनामूल्य वाचता येतात. मोल्सवर्थ यांचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश व दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हेही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या संकेतस्थळावर निसर्गविज्ञानाची जुनी नियतकालिके आहेत. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाचे जुने अंकही त्यांत आहेत.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर याच मार्गाने मिळते. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरण पक्ष्याचे निरीक्षण केले व त्याच नियतकालिकात ते लिहिले. घरटे विणतो तो नरच. ते अर्धे झाले की मादी येऊन पारख करते. तिला पसंत पडले तरच नर ते पुरे करतो. पुढे तो दुसरे घरटे विणावयास घेतो आणि पिलांचा सांभाळ प्रामुख्याने मादीच करते. म्हणजे आजोबांचे म्हणणे खरे होते. मग कविता खोटी काय? नाही. कविता ही पक्षिशास्त्राची नोंद नसते. इवल्याशा चोचीतील कौशल्य आणि पिलांवरची माया ती दाखविते, आणि या दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत.

तथापि आंतरजालावर दिसते ते सारेच विश्वसनीय नसते. म्हणून गुरुजींनी मुलांना तीन प्रश्न विचारावयास शिकविले. हे कोणी लिहिले? कशाच्या आधारे लिहिले? दुसरा जाणकार स्वतंत्रपणे हेच सांगतो काय? मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. त्यातील लेखात कोणीही भर घालू शकतो. म्हणूनच लेखाखालील संदर्भ व लेखाचा इतिहास पाहण्याची सवय असावी. शक्य तेथे स्वतःच्या डोळ्यांनी पडताळा घ्यावा. विहिरीवरची बाभूळ हेही एक ग्रंथालयच आहे.

आणखी दोन पथ्ये पाळावी लागतात. १९५७ च्या कायद्यानुसार ग्रंथावरील लेखकाचा हक्क सामान्यतः त्याच्या हयातीत व निधनानंतर साठ वर्षे टिकतो. तेव्हा कोणाचेही पुस्तक सबंध उतरवून वाटणे उचित नव्हे. तसेच कोणत्या मुलाने कोणते पुस्तक नेले, ही नोंद चारचौघांत उघड करावयाची नसते.

जूनमध्ये शाळा उघडली. नव्या यादीत पक्ष्यांच्या पुस्तकाची नोंद होती. त्या मुलीचा धाकटा भाऊ पाचवीत होता. त्याने यादीत ‘सुगरण’ हा शब्द शोधला, फळीवरून पुस्तक काढले आणि विचारले, “गुरुजी, हे घरी नेऊ? ताईला दाखवायचे आहे.”

गुरुजींनी नोंद केली व पुस्तक त्याच्या हाती दिले. त्या दिवसापासून कपाटाला कुलूप लावण्याची वेळ शाळा सुटल्यानंतरची ठरली.