पोचा जातो, रंग राहतो

शेजारच्याने दरवाजा जोरात उघडला, दुचाकीच्या हँडलचे टोक लागले, रिव्हर्स घेताना खांब दिसला नाही. शहरात गाडी ठेवायची म्हटले की पोचे यायचेच. ते काढायला आता पुण्या-मुंबईत माणूस थेट सोसायटीच्या पार्किंगमध्ये येतो. त्याच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींच्या मते हा सगळा लांबी थापून वरून रंग मारण्याचा खेळ आहे. काहींना वाटते, आता गॅरेजची पायरी चढायलाच नको. दोघांचेही चुकते, कारण ‘घरी येऊन डेंट काढून देतो’ या एकाच पाटीखाली दोन वेगळे धंदे चालतात. एक कारागीर रंगाला हात न लावता फक्त पत्रा सरळ करतो. दुसरा घासतो, लांबी भरतो, प्रायमर आणि रंग मारतो. पहिल्याला पार्किंगची जागा पुरते. दुसऱ्याला बहुतेक वेळा पुरत नाही.

‘रंग न मारता डेंट निघतच नाही’

निघतो, आणि त्यात जादू काही नाही. गाडीचा बाहेरचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावर कारखान्यात चढवलेले सगळे थर, म्हणजे गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट, मिळून शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या आसपास भरतात. भट्टीत पक्का झालेला हा रंग बऱ्यापैकी लवचिक असतो. पत्रा वाकला तरी रंग तडकला नसेल, तर पत्रा परत जागेवर आणताना तोही सोबत येतो.

कारागीर खिडकीच्या काचेच्या फटीतून, दिव्यामागच्या जागेतून किंवा दाराच्या तळाशी पाणी निचऱ्यासाठी ठेवलेल्या भोकातून लांब पोलादी सळई आत घालतो. बाहेर पट्ट्यापट्ट्यांचा दिवा लावलेला असतो. सपाट पत्र्यावर त्या पट्ट्यांचे प्रतिबिंब सरळ पडते, पोच्यापाशी ते वेडेवाकडे होते. त्या रेषांकडे बघत सळईच्या टोकाने आतून अगदी थोडे थोडे दाबायचे. एकदाच जोर लावला की बाहेर टेंगूळ येते, आणि ते बसवणे पोच्यापेक्षा कटकटीचे. पोच्याच्या कडेला पत्रा थोडा उचललेलाही असतो. तो प्लॅस्टिकच्या टोकाने वरून हलके ठोकून खाली बसवावा लागतो. मागून हात पोचत नसेल तिथे गरम गोंदाने प्लॅस्टिकची टिकली चिकटवून पत्रा बाहेर ओढतात आणि गोंद अल्कोहोलने सोडवतात. हे काम चिकाटीचे आहे. पाच मिनिटांत पूर्ववत करून देतो म्हणणाऱ्याकडे जरा संशयानेच बघावे.

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवा. आत जायला वाट नाही म्हणून काही जण दाराच्या कडेला भोक पाडतात आणि रबरी बूच बसवतात. गंजाला ते आमंत्रण आहे, कोकणच्या खाऱ्या हवेत तर जास्तच. काम सुरू होण्याआधी विचारा, भोक पाडणार का.

‘लहान पोचा सोपा, मोठा अवघड’

आकारावरून काही ठरत नाही. दाराच्या मधोमध पडलेला ताटाएवढा उथळ खळगा पुष्कळदा सहज निघतो, कारण तिथे पत्रा ताणला गेलेला नसतो, नुसता आत दबलेला असतो. उलट बॉडी लाइनवर, म्हणजे पत्र्यावरच्या उठावदार रेषेवर, पडलेली रुपयाच्या नाण्याएवढी तीक्ष्ण घडी अनुभवी माणसालाही घाम फोडते. दाराची दुमडलेली कड, चाकावरची कमान, दुहेरी पत्र्याच्या जागा इथेही हात नीट चालत नाही. बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचे असेल तर काम आणखी नाजूक, कारण तो धातू पोलादासारखा सहज जुन्या आकाराकडे परतत नाही. बॉनेट कशाचे आहे ते बघायला लोहचुंबक लावून पाहा; चिकटला नाही तर पोलाद नाही.

‘हेअर ड्रायर आणि बर्फाने घरीच होते’

व्हिडिओत होते. गरम-गार केल्याने घडी पडलेला पत्रा सरळ होत नाही. उथळ, रुंद खळगा रबरी सक्शनने कधीकधी ‘टप्’ करून बाहेर येतो, तेवढेच. बंपरची गोष्ट वेगळी. तो पत्र्याचा नसून तापल्यावर मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकचा असतो, त्यामुळे दबलेल्या बंपरवर कढत पाणी ओतून आतून दाबण्याची युक्ती खरेच चालते. पण प्लॅस्टिक फाटले असेल किंवा रंगाला तडे गेले असतील, तर रंगकाम टळत नाही.

‘रंगाचा कोड दिला की झाले’

घरपोच सेवेची खरी मर्यादा इथे लागते. कारखान्यात नुसता सांगाडा असतो, म्हणून रंग सुमारे १४० अंशांना भाजता येतो. तयार गाडीत वायरिंग आणि प्लॅस्टिक असते. त्यामुळे चांगल्या वर्कशॉपचे रंगकामाचे बंदिस्त बूथही ६० ते ८० अंशांवरच थांबते. पण तिथे निदान गाळलेली हवा असते. पार्किंगमध्ये असते धूळ, डास आणि जुलैचा दमटपणा. त्या दमट हवेत झटपट वाळणाऱ्या रंगावर पांढुरकी झाक येते.

शिवाय गाडीवरच्या स्टिकरचा कोड म्हणजे मूळ रंग. पाच उन्हाळे सोसलेला दरवाजा आता त्या रंगाचा राहिलेला नसतो. चांगला पेंटर म्हणून छटा जुळवतो आणि नवा रंग शेजारच्या भागात विरवत नेतो. चंदेरी, मोतिया रंगांत फवाऱ्याचा कोन बदलला तरी फरक दिसतो.

आणि मला सर्वात खटकते ती वेगळीच गोष्ट. दोन घटकांच्या रंगातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांचा फवारा श्वासातून गेला तर दमा जडू शकतो. पेंटरने तोंडाला नुसता रुमाल बांधलेला आणि शेजारी मुले क्रिकेट खेळतायत, अशा जागी तो फवारा मारणे चूकच आहे. खड्याने उडालेल्या ठिपक्याला ब्रशने टच-अप करायला हरकत नाही. अख्खा दरवाजा मात्र बूथमध्येच.

‘विमा आहे, मग क्लेम करू’

आधी हिशेब मांडा. नो क्लेम बोनस ही सूट ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यावर मिळते आणि क्लेमविना वर्षे गेली की २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशी चढत जाते. समजा तुमचा ओन डॅमेजचा हप्ता ८,००० रुपये आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर पोचला आहात. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला सूट शून्य, म्हणजे ४,००० जादा. हप्ता तोच धरला तर त्यानंतर २,४००, २,०००, १,२०० आणि ४०० जादा भरल्यावर तुम्ही परत ५० टक्क्यांवर येता. एकूण १०,००० रुपये. शिवाय क्लेमच्या रकमेतून सक्तीची कपात, १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यावर २,०००. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी जोड पॉलिसी, नसेल तर बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या भागाचे निम्मे पैसेही तुमचेच. बोनस शाबूत ठेवणारी जोड पॉलिसी घेतली असेल तर गणित बदलते. आणि क्लेम करायचाच असेल तर काम आधी उरकू नका. कंपनीला कळवून पाहणी होऊ द्या.

‘बाहेर हात लावला की वॉरंटी गेली’

सरसकट जात नाही. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात म्हटले होते की, बाहेरच्या कारागिराने केलेल्या चुकीच्या कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. प्रकरण पुढे अपिलात गेले. व्यवहारात एवढे पुरे: घासून, लांबी भरून रंगवलेल्या दारावर पुढे गंज आला तर कंपनी हात वर करणार. मूळ रंग शाबूत ठेवून पोचा काढला तर तो प्रश्नच येत नाही. जुनी गाडी घेणारे आता रंगाची जाडी मोजायचे यंत्र घेऊन येतात. तिथेही मूळ थर दिसणे फायद्याचे.

‘लगेच काढला नाही तर गंजेल’

रंग फुटला नसेल तर पोचा वर्षभरही तसाच राहू शकतो. रंग फुटून पत्रा उघडा पडला असेल तर पावसाळ्याची वाट बघू नका.

बंपरच्या बाबतीत मात्र नुसत्या दिसण्यावर जाऊ नका. ठोकर बसल्यावर प्लॅस्टिक पुष्कळदा आपोआप बाहेर येते आणि मागे वाकलेली बीम झाकते. पार्किंग सेन्सर वाजतो का, बघा. काही नव्या गाड्यांत बंपरमागे रडार असते आणि त्याच्यासमोर लांबीचा जाड थर चालत नाही. मागून ठोकर बसली असेल तर डिकीतला गालिचा उचला आणि स्टेपनीच्या खळग्याचा पत्रा तपासा. तिथे सुरकुती दिसली, तर घरी आलेल्या कारागिराला चहा देऊन परत पाठवा आणि गाडी वर्कशॉपला न्या.