हळदीचा डाग आणि तांब्याभर पाणी

आश्विन महिन्यांत तुळजापुराहून परतलेल्या मंडळींच्या घरीं दुसरा दिवस धुण्याचा असतो. विजयादशमीस पहाटे श्रीभवानीची पालखी सीमोल्लंघनास निघाली म्हणजे कुंकवाची उधळण अशी होते कीं, देवळाच्या पायऱ्यांपासून माणसांच्या केंसांपर्यंत सर्व कांहीं एका रंगाचें होऊन जातें. त्या गर्दींतून कोणाचें धोतर पांढरें परत आलें, असें आम्हीं तरी पाहिलेलें नाहीं. भक्तीच्या दृष्टीनें हा प्रसादच. परंतु दुसऱ्या दिवशीं जिच्यापुढें कपड्यांचा ढीग पडतो, त्या गृहिणीस या प्रसादाचा हिशेब निराळ्या रीतीनें करावा लागतो.

धाराशिव जिल्ह्यांतीलच एका परिचित घरीं कांहीं वर्षांपूर्वीं घडलेली हकीकत सांगतों. कुटुंब एकत्र, माणसें बारा. धाकटी सून नवीनच आलेली. सासऱ्यांच्या धोतरावर हळदीचा रुपयाएवढा पिवळा डाग पडला होता. तिनें त्यावर साबणाची वडी घासली, आणि पाहतां पाहतां पिवळा डाग विटकरी लाल झाला. घाबरून तिनें आणखी साबण लाविला. डाग आणखी लाल झाला. इतक्यांत सासूबाई आल्या, आणि "अग, लाल लुगड्याबरोबर भिजविलेंस कीं काय?" एवढें विचारून निघून गेल्या. मुलीच्या डोळ्यांस पाणी आलें, आणि तिनें हौदांतलें उरलेलें पाणी त्या एका धोतरावर खर्चीं घातलें. नळास पाणी येण्यास अजून चार दिवस होते. डाग राहिला तो राहिलाच, आणि सायंकाळीं स्वयंपाकास पाणी शेजारून मागून आणण्याची पाळी आली.

वस्तुतः या प्रकरणांत दोष कोणाचाच नव्हता. तो हळदीचा स्वभाव होता. हळदीचा पिवळेपणा ज्या द्रव्यामुळें असतो त्यास कर्क्युमिन म्हणतात. तें आंबट पदार्थांच्या संगतींत पिवळें राहतें आणि क्षाराच्या संगतींत लाल होतें. साबण, धुण्याचा सोडा, चुना, राखेचें पाणी हे सारे क्षारधर्मी पदार्थ. पूर्वीं रसायनशाळांतून क्षार ओळखण्यासाठीं हळदीनें रंगविलेला कागदच वापरीत असत. तोच प्रयोग या मुलीनें नकळत धुण्याच्या दगडावर केला. मुरगळलेल्या पायास हळद-चुन्याचा लेप लावून तो लाल झालेला ज्या घरांनीं पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे, त्याच घरांत ही गोष्ट धुण्याच्या वेळीं कोणाच्या ध्यानांत येऊं नये, याचें आम्हांस मोठें नवल वाटतें.

उपाय सोपा आहे, मात्र त्याचा क्रम चुकतां कामा नये. हळदीचा डाग बहुधा फोडणीच्या तेलासह पडलेला असतो. म्हणून प्रथम साबण लावून तेल काढावें. डाग लाल झाला तर होऊं द्यावा. नंतर साबण निघून जाईल असें खळबळून, अर्ध्या लिंबाचा रस तांब्याभर पाण्यांत पिळून तेवढाच भाग त्यांत भिजवावा. लाल रंग जाऊन पुन्हां पिवळा येतो, आणि घरांतील सर्वांचा जीव खालीं बसतो. राहिलेल्या पिवळ्या रंगास पाणी फारसें उपयोगी नाहीं, कारण कर्क्युमिन पाण्यांत जवळजवळ विरघळतच नाहीं. त्यास उन्हाचें मात्र मोठें वावडें आहे. कापड ओलेंच कडक उन्हांत पसरावें, वाळलें कीं पुन्हां शिंपडावें. दोन-तीन दुपारींत पांढऱ्या सुती कापडावरील डाग विरून जातो. रंगीत कापडाचा स्वतःचा रंगहि उन्हानें उडतो, हें विसरूं नये. वरील धोतर असेंच तिसऱ्या दिवशीं दोरीवर पांढरें झालें. सासूबाईंनीं तें स्वतः घडी करून ठेविलें, पण त्याबद्दल बोलल्या कांहीं नाहींत.

युरोपांतहि पूर्वीं तागाचें कापड पांढरें करावयाचें तें असेंच: आंबट ताकांत भिजवावयाचें आणि महिनोन्‌महिने कुरणांवर उन्हांत पसरावयाचें. चार्ल्स टेनंट यानें १७९९ सालीं ग्लासगो येथें ब्लीचिंग पावडरीचा हक्क नोंदविला, तेव्हां कोठें तीं कुरणें मोकळीं झालीं.

कुंकवाची गोष्ट थोडी वेगळी. जुन्या रीतीचें कुंकूं हळदीसच चुना अथवा टाकणखार, तुरटी, लिंबाचा रस यांचे संस्कार करून केलेलें असे. हल्लीं बाजारांत मिळणारें पुष्कळसें कुंकूं निव्वळ कृत्रिम रंगाचें असतें. म्हणून त्यावर लिंबाची मात्रा हमखास लागू पडेल असें नाहीं. कुंकवास पहिला नियम एकच, पाणी लावण्यापूर्वीं झटकणें. ओला हात लागला कीं भुकटी तंतूंत शिरते. कोरडें कापड झटकून, मऊ ब्रशानें पुसून, मगच डागाच्या उलट बाजूनें थंड पाणी सोडावें. तरीहि रंग राहिल्यास कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन टिपावें. पण आधीं शिवणीच्या आंतल्या बाजूस लावून पाहावें, आणि जवळपास समई किंवा शेगडी पेटलेली नसावी.

आतां पाण्याविषयीं. आपल्या जिल्ह्याचा बराच भाग बालाघाटाच्या पठारावर, काळ्या कातळावर वसलेला. विहिरीचें व बोअरचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. डाळ लवकर शिजत नाहीं, बंबांत पांढरी पुटें धरतात आणि साबणास फेंस येत नाहीं. पाण्यांतील चुन्याचे क्षार साबणाशीं मिळून जो चिकट साका होतो, तोच पांढरे कपडे मळकट दिसण्यास कारण. तेथें साबण वाढविणें म्हणजे पैसे मोरींत टाकणें होय. साबण लावण्यापूर्वीं अर्ध्या बादलीस चहाचा एक सपाट चमचा धुण्याचा सोडा घालून पाणी थोडा वेळ राहूं द्यावें. निम्म्या साबणांत काम होतें. वॉशिंग मशीनच्या पावडरींत असे पदार्थ पूर्वींच मिसळलेले असतात, तेथें पुन्हां सोडा नको.

२०१६ सालीं शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तें आपल्यांपैकीं कोण विसरला असेल? आपल्याकडे पाणी वांचविणें हें सद्गुणापेक्षां गणितच अधिक आहे, आणि तें गणित पुढीलप्रमाणें. पिळलेल्या धोतरांत साबणाचें एक लिटर पाणी राहिलें आहे असें समजा. तें बारा लिटर पाण्यांत एकदांच खळबळून पिळलें, तर तेराव्या हिश्श्याइतका साबण उरतो. तेंच बारा लिटर पाणी चार-चार लिटरांनीं तीन वेळां वापरलें व दर वेळीं नीट पिळलें, तर उरतो केवळ सव्वाशेंवा हिस्सा. पाणी तितकेंच, फरक तो पिळण्याचा. थोरल्या माणसांस मुलींच्या हातीं बादलीभर पाणी ओततांना पाहून राग येतो, पण हा हिशेब मात्र कोणी त्यांस सांगत नाहीं.

सोवळ्याच्या रेशमी वस्त्रास वरील सोडा-साबण कांहींच लावूं नये. रेशीम व लोकर हीं प्राणिज; क्षारानें त्यांचा तंतू खंगतो, आणि ब्लीचिंग पावडरीनें तर त्यांचा नाशच होतो. त्यांस रिठेच योग्य. चार-पांच रिठे बिया काढून रात्रीं भिजत घालावे, सकाळीं कुसकरून गाळावे आणि थंड पाण्यांत वस्त्र हलकें दाबून धुवावें. वाळत घालणें तें सांवलींत. एखाद्या घरांत सोवळें वर्षानुवर्षें टिकतें आणि दुसऱ्या घरांत तीन वर्षांत विरतें, यांत आम्हांस दुसरें कांहीं रहस्य दिसत नाहीं. रक्त व दूध यांच्या डागांस, कापड कोणतेंहि असो, गरम पाणी कधीं लावूं नये. उष्णतेनें तीं द्रव्यें अंडें शिजावें तशीं तंतूंत घट्ट बसतात.

एका गोष्टीबद्दल मात्र आम्हांस निक्षून लिहावेंसें वाटतें. गांवोगांवीं पाण्यांत टाकण्यासाठीं आणलेली ब्लीचिंग पावडर घरांत असते, आणि मोरी-संडासासाठीं अॅसिडची बाटलीहि असते. दोन्ही एकत्र केल्यास स्वच्छता दुप्पट होईल अशा समजुतीनें कांहीं जण तीं एकावर एक ओततात. त्यांतून क्लोरीन वायु सुटतो. बेल्जममधील ईप्र येथें २२ एप्रिल १९१५ रोजीं जर्मन सैन्यानें शत्रूवर सोडला तो हाच वायु. तो हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत सांचतो, आणि ओणवें होऊन फरशी घासणारीच्या छातींत प्रथम शिरतो. अशी चूक झालीच तर साफ करीत न बसतां दार उघडें टाकून बाहेर यावें. या दोन वस्तु एका फळीवर ठेवूंच नयेत.

राहिलीं देवांचीं भांडीं. नवरात्रांत नऊ दिवस जळलेल्या समईवर नुसती चिंच घासून हात दुखवून घेणाऱ्या भगिनी आम्हीं पाहिल्या आहेत. चिंचेचें आम्ल पितळेवरील काळपट थर काढतें, पण तेलास तें कांहीं करीत नाहीं. आधीं कोरडी राख किंवा डाळीचें पीठ चोळून तेल उतरवावें, मग चिंच. राखेनें व सोड्यानें बोटांस चिरा पडतात, तेव्हां काम झाल्यावर हातांस खोबरेल लावावें. आणि चिंच लावून समई तशीच उन्हांत ठेवून गप्पा मारण्यास बसूं नये. लगेच धुवून, फडक्यानें वातीच्या खांचेपर्यंत कोरडी करावी. आंत राहिलेल्या आंबट ओलाव्यानें दोन दिवसांत हिरवा कळंक चढतो, आणि कोजागिरीस पुन्हां सारें घासावें लागतें.